डोळ्यांची आखणी

देवावरचा माझा विश्वास उडाला होता आणि पोट मात्र देवाच्याच मूर्तींवर होतं. त्या वर्षीची माझी अवस्था ही अशी होती.

आमच्या मालवणकडे मूर्तिकाराच्या कारखान्याला गणपतीची शाळा म्हणतात. प्रत्येक घर आपला पाट शाळेत आणून देतं आणि त्याच पाटावर त्या घरचा गणपती घडतो. वडिलांमागून ही शाळा मी चालवतो. पावसाळ्याच्या तोंडावर माझा एकुलता मुलगा होडीवरून दर्यात पडला. देह किनाऱ्याला लागला तेव्हा त्याचे डोळे उघडेच होते. ते मी माझ्या बोटांनी मिटले. सुतक फिटलं, पाट येऊ लागले, मी मातीला हात घातला. माती वळली, रंग चढला. पण डोळ्यांच्या आखणीसाठी कुंचला उचलला की हात जागीच थिजायचा. ज्या बोटांनी लेकाचे डोळे मिटले, त्यांनीच देवाचे उघडायचे? आणि उघडून तो काय बघणार होता? माझा मुलगा बुडताना त्याने कुठे बघितलं?

कोणी म्हणालं विश्रांती घे, कोणी म्हणालं डॉक्टरला दाखव. सांगणाऱ्याचं काय जातं! डॉक्टर म्हणाले, हाताला काही झालेलं नाही. ते मलाही ठाऊक होतं. दुसऱ्याकडून आखणी करून घ्यावी, तर त्या दिवसांत कुठला मूर्तिकार रिकामा असतो? बायकोने तर मुलगा गेल्यापासून तोंडच मिटलं होतं. भिंतीलगत बिनडोळ्यांचे गणपती बसलेले आणि त्यांच्याकडे पाठ करून मी. एवढ्या घरांची चतुर्थी माझ्यामुळे बुडणार, या विचाराने घास उतरत नव्हता.

चतुर्थी अगदी दारात आली होती. एका दुपारी पावसाने झोडपलेला एक म्हातारा आडोशाला शाळेत शिरला. ओळखीचा नव्हता. मूर्तींकडे बघून म्हणाला, "डोळे कित्याक काढूक नाय रे अजून?"

मी तिरसटपणे उत्तर द्यायला गेलो आणि भलतंच झालं. कोणापुढे न काढलेलं सगळं त्या परक्या माणसापुढे बोलून गेलो. त्याने ऐकून घेतलं. ओली टोपी काढून ठेवली, मूर्तींसमोर हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या बापाचो झील दर्यान न्हेलो. कित्याक, ता तुकाच म्हायत. तो तुझ्यावर रागावलो आसा, तो रागय पदरात घे. पण तेचो अडलेलो हात मोकळो कर रे म्हाराजा!"

आणि तो थांबला. गाऱ्हाण्याला जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

"व्हय म्हण रे," तो हळूच म्हणाला. "एकट्याच्या आवाजान गाऱ्हाणा पुरा होणा नाय."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं, आणि मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदा ओक्साबोक्शी रडलो. रडतच कुंचला उचलला. या वेळी हात थिजला नाही. पहिली नजर उमटली आणि मी वळून बघितलं, तर पाऊस ओसरला होता आणि म्हातारा निघून गेला होता. पुढे चौकशी केली, कोणालाच तो माहीत नव्हता. तो कोण होता यावर मी वाद घालत नाही. तो आला, याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे.

सगळे गणपती वेळेवर आपापल्या घरी गेले. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र देवाने अजून दिलेलं नाही. उत्तर मिळाल्यावर मान तुकवायची असं मी धरून बसलो होतो. आता कळतं, उत्तराआधीच व्हय म्हणावं लागतं.

दुखवट्यामुळे आमच्या घरी त्या वर्षी गणपती नव्हता. तरी विसर्जनाला मी किनाऱ्यावर गेलो, बायकोही मागून आली. ज्या दर्याने मुलगा नेला, त्याच दर्यात मी डोळे दिलेले गणपती एकेक करून गेले. रिकामे पाट घेऊन माणसं पाण्यातून वाळूवर परतली. कोणीतरी गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांबरोबर मी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि माझ्या शेजारून, इतक्या महिन्यांनी, बायकोचा आवाज आला.