वन्संचा कापूस

सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच यांचे चुलतभाऊ किसनभावजी म्हणाले, "वहिनी, यमुनाक्का गेली." मी पिंपरीच्या आमच्या खोलीच्या दारात बसून ज्वारी पाखडत होते. यमुनाक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. चिंचवड गावातल्या जुन्या घरी त्या एकट्याच राहत. आदल्या दिवशी शेजारणीशी बोलत उभ्या होत्या म्हणे, आणि सकाळी हाक मारली तर ओ आली नाही. पहिला विचार आला तो यांचा. हे पहिल्या पाळीला कारखान्यात गेलेले, ही बातमी ऐकून यांचा जीव घाबरा होणार, आणि या वेळी सावरायला वन्संच नाहीत... आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, की आता हे माझ्याकडेच येतील. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण गोडगोड लिहायला बसले तर ज्या वन्संना मी ओळखत होते त्या या लेखात यायच्याच नाहीत. मी त्यांच्यावर जळत होते. अजूनही जळते.

यांना घाबरं व्हायचं. त्याला दुसरं नाव मला ठाऊक नाही. चांगला उंचापुरा, मिशीवाला माणूस बसल्या जागी पांढरा पडायचा. हात गार व्हायचे, तळव्यांना घाम फुटायचा, श्वास वरच्यावर अडकायचा आणि छाती अशी धडधडायची की सदऱ्यावरून दिसावी. "मी मरतो आता," एवढंच बोलायचे. डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं होतं, काळजात काही दोष नाही. घरात कुणी म्हणायचं बाहेरची बाधा, कुणी म्हणायचं पित्त. लग्न ठरवताना मात्र आमच्या माणसांना यातलं अक्षरही कुणी सांगितलं नव्हतं.

मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतर थोड्याच दिवसांनी, आकुर्डीला नात्यातल्या एका लग्नात. पंगत बसली होती, मी नवी सून म्हणून लाडू वाढत होते. हे पानावरून अर्धवट उठले आणि मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा बघून माझ्या हातातलं ताट कलंडलं. मी "पाणी आणा, कांदा आणा" म्हणत धावले, तोवर बायकांच्या पंगतीतून वन्सं उठून आल्याही होत्या. त्यांनी यांचं कोपर धरलं आणि मला म्हणाल्या, "तू वाढप बघ." माझा नवरा, आणि मी वाढप बघायचं! नाकाला मिरच्या झोंबल्या, पण चारचौघांत काय बोलणार? पंगत उठल्यावर मी परसात गेले. गोठ्याच्या भिंतीला टेकून बहीण-भाऊ शेजारी शेजारी बसले होते, पाय सरळ भुईला टेकलेले, आणि दोघंही कापसाच्या वाती करत होते.

पुरुषमाणूस वाती करतो हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे वाती बायकांनी कराव्यात, त्यातही वन्संसारख्या लवकर पांढरं कपाळ झालेल्या बायकांनी, देवळासाठी. वन्संच्या कनवटीला कापसाचा पुंजका नेहमी असायचा, जिथे बसतील तिथे त्यांचे हात चालू. यांच्या घामेजल्या बोटांना चुलीतली राख लावलेली होती. पुंजक्यातून धागा हळूहळू ओढायचा आणि ओढताना श्वास सोडत राहायचं. श्वास धसका खाल्ल्यासारखा सुटला की धागा तुटायचा. वन्सं बाजूला बसून आपला धागा ओढत, त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि थोड्या वेळाने यांचा श्वास त्यांच्या श्वासाबरोबर चालायला लागला. "तुटला," हे म्हणाले. "तुटू दे. दुसरा घे," वन्सं म्हणाल्या. घाबरू नकोस म्हणणं नाही, काय होतंय विचारणं नाही. मी भिंतीच्या कोपऱ्यावर उभी राहून ते दोन श्वास ऐकत होते, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

आई गेली तेव्हा हे अगदी लहान होते आणि वन्सं नुकत्याच विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या. त्यांनीच यांना वाढवलं. हे सगळं मला कळत होतं हो, पण कळून पोटात दुखायचं थांबतं थोडंच. यांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात काम मिळालं तेव्हा जवळच खोली घ्यायचा हट्ट मीच धरला. चिंचवडहून सायकलने येणं-जाणं सहज जमलं असतं. मी सांगितलं, पहाटेची पाळी, पावसाळ्यातला चिखल... कारणं काय, मागितली तेवढी. वन्सं एका शब्दाने आडव्या आल्या नाहीत. आमच्याबरोबर पाटा-वरवंटा दिला, लोणच्याची बरणी दिली. त्यांच्या या चांगुलपणानेही माझं डोकं फिरायचं, कारण भांडायला जागाच उरायची नाही.

पण व्हायचं तेच झालं. पाळी सुटल्याचा भोंगा व्हायचा, शेजारच्या खोल्यांतले पुरुष घरी यायचे, चहाचे वास सुटायचे, आणि आमचा दरवाजा तसाच उघडा. हे बऱ्याच वेळाने येत, शांत, हसतमुख. म्हणत, "जरा गावात जाऊन आलो." इतर बायका नवऱ्याच्या सदऱ्यावर काय शोधतात ते त्यांचं त्यांना ठाऊक, मी कापसाचे तंतू शोधायचे. एखादा तंतू बाहीला चिकटलेला हमखास सापडायचा, नाहीतर बोटांच्या पेरात राख. आज घाबरं झालं होतं हे मला असं कळायचं. मी तो तंतू चिमटीत धरून यांच्यासमोर नाचवायचे. हे बिचारे ओशाळून हसायचे आणि हात धुवायला जायचे.

मी हातपाय गाळून बसले नाही. सब्जा भिजवून दिला, गुलकंद दिला, पायांना काशाच्या वाटीने तूप चोळलं. एकदा घरीच झालं तेव्हा यांचे दोन्ही खांदे गच्च धरून सांगत राहिले, "काही होत नाही तुम्हांला, घाबरू नका, माझ्याकडे बघा." त्याने धडधड आणखीच वाढली. मग मी पिंपरी कॅम्पातून कापसाची मोठी गुंडाळी आणून ठेवली, चुलीतली राख चाळून वाटीत भरली आणि वाटच बघत बसले म्हणा ना. झालं तेव्हा यांना भिंतीशी बसवलं, बोटांना राख लावली, आपणही शेजारी बसले. दोन-तीन धागे कसेबसे ओढले असतील. यांची नजर माझ्या हाताकडे गेली. धापा टाकत म्हणाले, "तू लई घट्ट वळतीस. घट्ट वातीला तेल चढत न्हाई." तशा अवस्थेत माणसाला माझ्या वातीची खोड काढायला सुचलं! मी म्हणाले, "मग जा तिकडेच." आणि हे खरंच गेले. भिंतीला धरत उठले, सायकल काढली आणि चिंचवडला गेले. मी यांच्या वाटणीच्या भाकरीही रागाने खाऊन टाकल्या आणि मग माझंच पोट दुखलं.

दुसऱ्या दिवशी मी तडक वन्संसमोर जाऊन उभी राहिले. त्या ओसरीवर आपल्या जागी बसलेल्या, मांडीवर कापूस. "मला शिकवा," मी म्हणाले.

"काय शिकवू?"

"तुम्ही यांना काय करता ते. तुम्ही काहीतरी राखून ठेवता आहात."

वन्सं हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हातातला धागा पुरा ओढून झाल्यावर म्हणाल्या, "त्याला मी काय बी करत न्हाई बाई. तू त्याला बरं कराया बसतीस. मी माझ्यासाठी बसते." मला अर्थ लागला नाही. मग त्यांनी सांगितलं. नवरा गेल्यावर माहेरी आल्या तेव्हा त्यांनाच असं व्हायचं. विहिरीवर, चुलीपुढे, कुठेही छाती भरून यायची आणि हातपाय गळायचे. कुणाला सांगायची सोय नव्हती, लोक म्हणाले असते नवऱ्याने झपाटली. कापूस हातात घेऊन बसलं की जीव जागेवर येतो हे त्यांना असंच बसता बसता सापडलं. लहानग्या भावाला पहिल्यांदा घाबरं झालं तेव्हा त्यांनी त्याला शेजारी ओढून घेतलं, कारण त्या वेळी त्यांचेही हात कापत होते. "आमी दोगं बी एकाच दुखण्याची," त्या म्हणाल्या. "अजून होतं मला. त्याला ठाव हाय."

त्यांना वाटलं असेल हे ऐकून माझं मन निवळेल. उलट झालं. दोघांचं एक दुखणं होतं, त्याची दोघांना खूण होती, आणि मी धडधाकट बाई बाहेर उभी. मला स्वतःच्या तब्येतीचा राग आला. घरी येताना वाटभर मी छातीवर हात ठेवून बघत होते, कुठे धडधडतंय का. काही नाही, घड्याळासारखं चाललेलं.

वन्सं गेल्या तेव्हा जिथे त्यांना शेवटचं निजवलं होतं तिथे दिवा ठेवला. दहाव्यापर्यंत तो विझू द्यायचा नसतो. वन्संनी करून ठेवलेल्या वाती घरात डबाभर होत्या, पण मी म्हणाले, त्यांच्या दिव्याला त्यांच्याच वाती नकोत, मी करीन. सगळ्यांना माझी माया वाटली. मला एवढंच दाखवायचं होतं की या घरातल्या वाती मलाही येतात. त्या दिवसांत मी डोळा ठेवून होते यांच्यावर. आता होईल, मग होईल... कापूस माझ्या पदरात तयार. पण यांना झालंच नाही. खांदा दिला, मडकं धरलं, आल्यागेल्याशी बोलले, श्वास एकदाही अडला नाही. खरं सांगायचं तर माझी निराशा झाली.

दहाव्याला पुरुष पवनेच्या घाटावर गेले, बायका परसात भांड्यांना लागल्या. दिव्यापाशी मी एकटी होते. ज्योत सकाळपासून बारीक होती, तेल भरपूर होतं आणि तरी वर चढत नव्हतं. मी वात काडीने पुढे सारायला गेले आणि दिवा विझला. विझला म्हणजे समोर नुसता धूर. काडी पेटवायला हात पुढे केला तर हात उचलेना. छातीत कुणीतरी आतून मुठी मारायला लागलं, कानांत आवाज भरला, श्वास गळ्याशी येऊन परत जायला लागला. मला वाटलं, मी मरते आता.

हे घाटावरून पुढे निघून आले होते. डोकं तासलेलं, धोतर ओलं. त्यांनी विझलेला दिवा पाहिला आणि मला पाहिलं. दिव्याकडे गेलेच नाहीत. चुलीतली राख घेऊन आले, माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसले. "पाय टेक भुईला," म्हणाले. बोटांना राख लावली, माझ्याच पदरातला कापूस काढून माझ्या हातात दिला आणि आपण दुसरा पुंजका घेतला. मी ओढला, तुटला. "तुटू दे. दुसरा घे." ते शब्द वन्संचे होते, तो श्वासही वन्संचाच, आणि मरता मरताही मला त्यांचा राग आला, की बाई इथेही आधी येऊन बसलीच. पण श्वास काही माझं ऐकत नव्हता, तो यांच्या श्वासामागे निघून गेला. हळूहळू धागा लांब यायला लागला. बऱ्याच वेळाने यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुलाबी व्हाया लागलं व्हय?"

मी मान डोलावली. या घरात इतकी वर्षं काढली, पण त्या प्रश्नाइतका मान मला कुणी दिला नव्हता. यांनी माझ्या हातातला धागा घेतला, सैल वळला आणि दिवा लावला. परसातून बायका आल्या तेव्हा तो नीट जळत होता, आणि आम्ही कुणाला काही सांगितलं नाही.

आता सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं चिंचवडच्या घरी जातो, झाडलोट करतो, आणि ओसरीवर कापूस घेऊन बसतो. वन्सं बसायच्या तिथे भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा काळपट डाग आहे. हे त्या जागेच्या डावीकडे बसतात, मी उजवीकडे, आणि मधली जागा हे मोकळी ठेवतात. कुणी ठरवलेलं नाही. गेल्या रविवारी मात्र मी आत जाऊन राखेची वाटी आणली आणि सरळ त्या डागाला डोकं टेकून बसले.

"अगं, तिथं अक्का..." हे म्हणाले आणि थांबले.

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले. "कापूस द्या इकडे."