उशिरा येणारं हसू

मेसमध्ये कुणी मराठीत विनोद केला की माझी रूममेट जुनाली आधी आमच्या चेहऱ्यांकडे बघायची आणि मग हसायची. ती आसामची. मोठेपणी माणूस दुसरी भाषा कशी शिकतो, हा माझ्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय. त्यामुळे तिच्या त्या उशिराच्या हसण्यावर माझं बारीक लक्ष असायचं.

काल वाढता वाढता मावशी म्हणाल्या, "आमटीत डाळ शोधू नका गं, ती सुट्टीवर गेलीय." जुनाली आमच्या सगळ्यांच्या आधी खळखळून हसली. माझा घास हातातच राहिला. हे कधी झालं? रोज तिच्यासमोर बसून जेवते मी, आणि नेमकं तेवढंच कसं निसटलं? भाषा अशी दार न वाजवताच आत येते का?

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने आईचा फोन स्पीकरवर घेतला. आई आसामीत काहीतरी बोलली आणि स्वतःच हसत सुटली. जुनाली क्षणभर फोनकडे बघत राहिली, आणि मग हसली.

तेच उशिराचं हसू. आता हे प्रबंधात कुठे लिहू, की लिहूच नको, मला काही कळेनासं झालंय.