आमच्या फ्रिजमधली शिशी

इथे बेसा वस्तीत आमचे शेजारी रोज सकाळी सातला बेल वाजवतात आणि आमच्या फ्रिजमधून आपल्या आईच्या इन्सुलिनची शिशी घेऊन जातात. त्यांची बायको सासूला इंजेक्शन देते की लगेच शिशी परत. दोन्ही खेपांना चपला बाहेर काढतात आणि दोन्ही खेपांना म्हणतात, "वहिनी, तकलीफ देऊन राहिलो तुमाले." मला आता उत्तर द्यायचाही कंटाळा येतो.

डायबिटीस आईला आहे, त्यांना नाही. तरी साखर त्यांचीच उतरायची आणि घामाघूम होऊन ते जिन्यातच बसायचे. डॉक्टरांना रक्तात भरमसाठ इन्सुलिन दिसलं. त्यांनी विचारलं, "आईचं इंजेक्शन चोरून घेता का?" बायको शेजारीच बसली होती. त्या दिवसापासून ती शिशी उजेडात धरून किती उरलंय ते बघायला लागली, तेव्हा त्यांनी ती आमच्याकडे आणून ठेवली.

पुढे मोठी तपासणी झाली. त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं त्यांचंच इन्सुलिन धरून ठेवतात आणि भलत्याच वेळी सोडतात. क्वचितच कुणाला होतं म्हणे.

"आता तर रिपोर्ट आला," काल मी म्हटलं, "न्या ना शिशी घरी."

त्यांनी फ्रिजचं दार हळूच लावलं.

"रिपोर्ट तिनंही वाचला, वहिनी. पण परवा दुपारी मी झोपलो समजून तिनं माझा शर्ट वर केला. पोटावर सुईची खूण आहे का, ते पाहून राहिली होती. मी डोळे मिटूनच राहिलो. म्हटलं, पाहू दे तिले."