राजाची उडी

बुद्धिबळ खेळताना मला एका जागी बसवत नाही. चाल केली, घड्याळाचं बटण दाबलं की मी उठते. दुसऱ्यांचे पट बघते, खिडकीशी जाते, तहान नसताना पाणी पिऊन येते. धारच्या क्लबातले लोक आता याला सरावले आहेत. तिथं पंचाचं काम करणारा तरुण मला एकदा म्हणालासुद्धा, "मॅडम, आप चेस खेलने आती हो कि घूमने?" मी देवासच्या शाळेत गणित शिकवते, दिवसभर फळ्यासमोर उभी असते, बसायची सवयच नाही, असं मी त्याला सांगितलं. खरं कारण भीती. पटासमोर बसून राहिलं की मला माझं हरणं आधीच दिसायला लागतं.

क्लबाची स्पर्धा वर्षातून एकदा, दोन दिवसांची. देवासहून इंदूर, तिथं बस बदलून धार. एवढा खटाटोप करून मी तीन वर्षं गेले आणि तिन्ही वर्षं एकाच माणसाकडून हरले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, धारच्या जुन्या मराठी घरातले. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणते. बोलणं अगदी जुन्या वळणाचं, "बसावं ताई, पाणी घ्यावं" असं. हरवल्यावर ते हात मिळवायचे आणि म्हणायचे, "छान खेळलात हो." हे "छान" मला झोंबायचं. त्यांच्याकडून हरलेल्या दहा वर्षांच्या पोरीलाही ते अगदी तसंच, त्याच सुरात म्हणताना मी ऐकलं होतं. यंदा बक्षिसाची मला पर्वा नव्हती. मला या माणसाला हरवायचं होतं, आणि ते "छान" त्यांच्या घशातच राहिलेलं बघायचं होतं.

शेवटच्या फेरीत आमची जोडी लागली. पांढरी मोहरी माझी होती. वजीर लवकर मारले गेले आणि तीस चालींनंतर डाव असा अडकला की दोघांचंही एकेक प्यादं वजीर व्हायला निघालेलं. त्यांचा हत्ती माझ्या राजाच्या अंगावर येऊ बघत होता. माझा राजा सुरुवातीच्याच घरात बसलेला, कॅसलिंग करून त्याला हत्तीच्या आड न्यायला सवड मिळाली नव्हती. घड्याळात पाच मिनिटांच्या आत वेळ उरली की चाली लिहायची सक्ती नसते. आम्ही दोघांनीही पेनं खाली ठेवली. त्यानंतरचं मला धड आठवत नाही, फक्त हात चालत होते आणि घड्याळाची बटणं वाजत होती. मी चक्क बसून खेळत होते. माझं प्यादं त्यांच्या प्याद्याच्या एक चाल आधी पोचलं. काकांनी पटाकडे बघितलं, राजा आडवा केला आणि हात पुढे केला.

"छान खेळलात हो," ते म्हणाले.

पण मी जिंकले होते! निकालाच्या कागदावर सह्या करताना माझं अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की पंच म्हणाला, "मॅडम, ये साइन है?"

या क्लबात डाव संपला की दोघांनी मिळून तो पुन्हा मांडून बघायचा, हा रिवाज आहे. बाहेरच्या व्हरांड्यात त्यासाठी दोन जुने पट ठेवलेले असतात. काकांनी कचोरी आणि चहा मागवला आणि आम्ही मांडायला बसलो. लिहिलेल्या चालींपर्यंत सगळं सुरळीत गेलं. पुढच्या चाली आठवून आठवून लावायच्या होत्या. मला आज प्रत्येक चाल पुन्हा जगायची होती, म्हणून मी फार चोखपणे लावत होते. त्यांचा हत्ती आला. मग माझा राजा उजव्या बाजूच्या प्याद्यामागे जाऊन लपला. मग त्यांचं प्यादं एक घर पुढं.

मी थांबले. राजा आपल्या घरातून त्या घरात जायला दोन चाली लागतात. मध्ये एका घरावर तो थांबायला हवा. तो तिथं कधी होता? मी परत मागे गेले, परत लावलं. चाली जुळत होत्या, एकच कमी पडत होती. आणि मग मला माझा हात आठवला. राजा उचलून दोन घरं बाजूला, एक घर पुढं, असा सरळ ठेवलेला हात.

घोड्याची अडीच घरं! माझ्या राजानं उडी मारली होती.

आमच्या घरात बाबांनी बुद्धिबळ शिकवलं ते देशी. त्यात कॅसलिंग नाही. त्याऐवजी, ज्या राजाला अजून शह लागलेला नाही त्याला सबंध डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. लग्न होईपर्यंत मी तसंच खेळले. स्पर्धेचे नियम चाळिशी जवळ आल्यावर शिकले, मुलाच्या मोबाइलवर. डोकं नवे नियम शिकलं, घाई झाली तेव्हा हातानं बाबांचं ऐकलं. आणि त्या उडीनं जी एक चाल वाचली, त्याच एका चालीनं मी जिंकले होते.

काका कचोरी खात होते. कागदावर त्या चाली नव्हत्याच. मी गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. मी उठले. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले. बस पकडायची आहे असं सांगून निघून जावं, असंही मनात आलं. पिशवी खांद्याला लावलीसुद्धा. मग स्वतःचाच भयंकर राग आला. परत येऊन मी उभ्याउभ्याच म्हणाले, "काका, माझ्या राजानं उडी मारली. ही चाल चुकीची आहे."

त्यांनी रुमालानं बोटं पुसली. "हो," ते म्हणाले. "दिसलं होतं मला."

"कधी?"

"तेव्हाच. आमच्याकडेही उडीच होती ना, ताई. वडिलांसोबत तसंच खेळत असू. तुम्ही राजा उचललात तेव्हाच समजलं."

"मग घड्याळ का नाही थांबवलंत? चाल परत घ्यायला लावायची, पंचाला बोलवायचं. तुम्हाला दोन मिनिटं जास्तीची मिळाली असती!"

"राहू द्या म्हटलं." ते कसनुसं हसले. "इतक्या लांबून बसनं येता, दर साल हरून जाता. एक डाव तुम्हाला मिळाला तर माझं काय जातं?"

मला कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. तीन वर्षं ज्या माणसाला हरवायला मी धडपडत होते, तो माझ्याशी खेळतच नव्हता. तो मला खाऊ देत होता. मी तशीच आत गेले आणि पंचाला म्हटलं, निकाल बदला, माझा गुण काढा. त्यानं माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसं बघितलं. "अरे मॅडम, दोनों के साइन हो गए, अब कुछ नी हो सकता. आप जीत गए, मिठाई खिलाओ!"

मी बाहेर आले. पटावर उडीच्या आधीची स्थिती मांडली. आतून एक घड्याळ उचलून आणलं आणि दोघांना पाच-पाच मिनिटं लावली.

"इथून खेळा," मी म्हटलं.

"ताई, तुमची बस..."

"जाऊ दे बस."

मी राजा एकच घर सरकवला आणि बटण दाबलं. काका खेळायला लागले. आठव्या चालीला त्यांनी हत्ती उघड्यावर ठेवला. माझा उंट त्याला सरळ मारू शकत होता. इतकी ढोबळ चूक हा माणूस करत नाही, हे मला तीन वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. मी घड्याळ थांबवलं.

"काका, तो हत्ती उचला. नीट खेळायचं असेल तर खेळा, नाहीतर उठते मी."

माझा आवाज चढला असावा, कारण आतले दोघंतिघं दाराशी आले. काकांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी हत्ती मागे घेतला, चष्मा नाकावर घट्ट बसवला आणि खुर्ची पटाजवळ ओढली. त्यानंतर त्यांनी मला काही दिलं नाही. मीही मागितलं नाही. माझं प्यादं धावत होतं, त्यांचं धावत होतं. एकदा त्यांनी उंटाला हात घातला, मग तो तसाच धरून कितीतरी वेळ बघत राहिले, कारण हात लावलेलं मोहरं हलवावंच लागतं. त्यांच्या कपाळावर घाम होता. माझी टाचणीएवढी आशा मोठी मोठी होत गेली. मग त्यांनी उंट एका कोपऱ्यात ठेवला आणि मी तिथं हरले. एका चालीनं.

मी राजा आडवा केला. काकांनी हात पुढे केला नाही. ते पटाकडेच बघत होते, आणि तो उंट बोटानं पुन्हा पुन्हा जागच्या जागी नीट करत होते.

"ही काय पद्धत आहे खेळायची?" ते एकदम म्हणाले. "प्यादं तिकडून काढायचं सुचलं कसं तुम्हाला? हरलो होतो मी. जवळजवळ हरलोच होतो!"

त्यांचा स्वर चक्क चिडका होता. तीन वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा चिडले होते, आणि मला तिथंच, सगळ्यांसमोर रडू फुटलं.