सातवी अ, आई

तिला पाठीमागे आम्ही सगळे ‘हातवर बाई’ म्हणायचो. शाळेच्या पालक-शिक्षक संघाची ती चिटणीस, आणि हात वर केल्याशिवाय तिच्या सभेत ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. एरवी बाजाराच्या टोकाला तिचं शिवणकामाचं दुकान. शाळेचे निम्मेअधिक गणवेश तिच्याच मशीनखालून जायचे.

ती यायच्या आधी आमची सभा म्हणजे नुसता मासळीबाजार. एक जण नळाबद्दल बोलतोय, तर दुसरा गणिताच्या मास्तरांना धारेवर धरतोय. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, पण तोंड आवरत नाही. तिने पहिल्यांदा मलाच झापलं, “घड्याळवाले भाऊ, आधी हात वर, मग तोंड उघडा.” एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग मतदान, ही शिस्त तिचीच. हजेरीची पद्धतही तिचीच. नावं नाहीत, हुद्दे नाहीत. एकेकाने उभं राहायचं, मुलाचा वर्ग आणि आपलं नातं सांगायचं. “चौथी ब, आई.” “दुसरी अ, आजोबा.” डॉक्टर असो की हमाल, तिथे सगळे सारखे.

मूल शाळेतून गेलं की सभासदत्व संपलं, हाही नियम. बेकरीवाल्याने मुलाची शाळा बदलली आणि तरी तो आपला सभेला आला, तेव्हा हिने त्याला सरळ दाराबाहेरच्या बाकावर बसवलं. “नियम म्हणजे नियम,” म्हणाली. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आम्ही पोट धरून हसलो.

तिची एकुलती एक लेक माझ्या पोराच्या वर्गात होती. एका जागी बसणं माहीत नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आई आत सभा चालवायची आणि ही खिडकीबाहेर दोन्ही हात वर करून आम्हाला हसवायची. सहावीनंतरच्या सुट्टीत तिला ताप आला. तो डोक्यात गेला, असं डॉक्टर म्हणाले, आणि आठवड्याभरात पोर गेली. सातवीच्या वर्गात तिचं पाऊल पडलंच नाही.

शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या सभेला भिंगरीची आई येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. जाऊन बघतो तर नेहमीसारख्या खुर्च्या मांडून झालेल्या. हजेरी सुरू झाली. “सातवी अ, बाबा,” म्हणून मी खाली बसलो. माझ्यानंतर नेहमी तिचीच पाळी असायची. ती उभी राहिली.

“सातवी अ, आई.”

मुख्याध्यापिका घाईघाईने “पुढे, पुढे” म्हणाल्या.

चिटणिसाची निवड आली तेव्हा मी हात वर करून तिचंच नाव सुचवलं. अनुमोदनाची वाट न बघता सगळ्यांचे हात वर गेले. तिने ते नीट पाहून घेतले.

“हे चालत नाही, भाऊ. मी आता सभासद नाही. मघाशी सवयीने उभी राहिले, ते खोडून टाका.”

“मग नियम बदलू!” मी ओरडलो. हात वर न करताच.

“तो असा उभ्या उभ्या बदलत नाही. आधी सगळ्यांना नोटीस, मग पुढच्या सभेत ठराव.” एवढं बोलून ती उठली आणि दाराबाहेरच्या त्याच बाकावर जाऊन बसली. सभा संपेपर्यंत मला तिची नुसती पाठ दिसत होती. माझा जीव तुटत होता.

पुढच्या सभेत आम्ही सगळं रीतसर केलं. एकदा आई झाली ती कायमची सभासद, असा ठराव मी मांडला. बेकरीवाल्याची धाकटी आता पहिलीत आली होती, त्यामुळे तो पुन्हा सभासद झाला होता. अनुमोदन त्याने दिलं. विरोधात एकही मत नाही. ती मात्र आली नव्हती, म्हणून मी तसाच तिच्या दुकानी गेलो. ती एका गणवेशाला बटणं लावत होती.

“अनुमोदन कुणाचं?” मान वर न करता तिने विचारलं.

“बेकरीवाल्याचं.”

तिचा हात थांबला. “त्यांना मी बाहेर बसवलं होतं.”

“त्याने काही मनात ठेवलेलं नाही. तुम्ही फक्त या.”

तिने दातांनी दोरा तोडला, बटण ओढून पाहिलं.

“येईन हो. पण पोरं दरवर्षी वरच्या वर्गात जातात,” ती म्हणाली. “हजेरीला उभं राहून मी कुठला वर्ग सांगू, भाऊ?”

मला हुंदका आवरला नाही. तिने माझ्यापुढे स्टूल सरकवलं आणि दुसरं बटण हातात घेतलं.