माझ्या नवऱ्याचे चाचा

बाई असती तर बरं झालं असतं. तिच्या झिंज्या उपटल्या असत्या, चार बायका गोळा करून तिला नाही नाही ते बोलले असते आणि मोकळी झाले असते. पण माझ्या नवऱ्याचा जीव जडला होता तो बारामतीतल्या एका साठीच्या बेकरीवाल्यावर. आमच्याकडं सगळे त्यांना चाचा म्हणतात. अशा माणसाशी भांडायचं तरी कशावरून?

रोज दिवेलागणीला त्यांचा फोन यायचा. फोन वाजला की आमचे हे हातातली भाकरी ताटात टाकून उठणार, कारल्याच्या मांडवाखाली जाणार, आणि मग तासभर बोलणं चाललंय आपलं. माझ्याशी बोलायला मात्र यांच्याकडं शब्द नसायचे. परत आले की मी विचारायची, "काय म्हणाले चाचा?"

"काय न्हाय. असंच."

असंच! अंगाचा तिळपापड व्हायचा माझा. सासूबाई म्हणायच्या, "अगं, चांगल्या माणसाची संगत हाय. तुझ्या का पोटात दुखतंय?"

"दुखतंय! व्हय, दुखतंय!" मी म्हणायची आणि भांडी आपटायची.

यांचा टेम्पो आहे. कळंबच्या आसपासची तरकारी भरून मार्केटला न्यायची, हा धंदा. एकदा क्रेट उचलताना कंबरेत उसण भरली आणि डॉक्टरांनी दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या. आधी मेडिकलवाला हे मागतील तेवढ्या द्यायचा. मग वरून नियम कडक झाले, तपासण्या झाल्या, चिठ्ठीशिवाय गोळी मिळेना. चांगलंच झालं म्हणा. पण ज्याला रोज मूठभर लागायच्या त्यानं आता काय करायचं, हे दिल्लीपासून गल्लीपर्यंत कुणी सांगितलं नाही. यांना घाम सुटायचा, उलट्या व्हायच्या, पाय नुसते झाडत राहायचे. मग हायवेच्या एका ढाब्यामागं त्याच गोळ्या चोरून मिळायला लागल्या.

मी काय काय नाही केलं! खिसे तपासले, टेम्पोची चावी पिठाच्या डब्यात लपवली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घ्यायला लावल्या. सासूबाईंनी नवस बोलले. माझ्या भावानं येऊन दोन ठेवून दिल्या. दवाखान्यात न्यायचं कुणी सुचवलं की आम्हीच घाबरायचो, तिथनं पोलिसांना कळलं तर काय घ्या. अशी वर्षं गेली. शेवटी ते अंगणात चक्कर येऊन पडले तेव्हा उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या मॅडमनी पोलिसांना बोलावलं नाही. त्यांनी उपचार सुरू केले आणि नंतर बारामतीत दर रविवारी व्यसन सोडलेल्या लोकांची बैठक भरते तिथं जायला सांगितलं. तिथं यांना चाचा भेटले. चाचा तरुणपणी गर्दच्या पुड्यांच्या नादात घरादारातून उठलेले, आणि आता किती वर्षं झाली, शिवले नाहीत. जे मला शपथा घालून जमलं नाही ते या माणसानं चहा-खारीवर करून दाखवलं.

लोक म्हणायचे, नशीबवान आहेस, नवरा परत मिळाला. मिळाला कुठं? गोळ्यांकडून निघाला तो थेट चाचांकडं गेला, मधे माझं घर लागलंच नाही. गोळ्या होत्या तेव्हा निदान मी बोंबलायची आणि ते ऐकायचे. आता तर तेवढंही राहिलं नाही. मॅडमना मी एकदा विचारलंच, "ते पेशंट. मग मी कोण?" त्या म्हणाल्या, घरच्यांचीही बैठक असते, या तुम्ही. मी म्हटलं, "आणि माझी गुरं काय तुम्ही बघणार?" खरं तर मला दुसऱ्यांच्या नवऱ्यांची रडगाणी ऐकायची नव्हती. मला माझ्या नवऱ्याचं ऐकायचं होतं.

मग यंदा इंदापूरला व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला. हॉल भरलेला, स्टेजवर हारतुरे. एक साहेब बोलले, "विकणाऱ्यालाही सोडणार नाही आणि घेणाऱ्यालाही सोडणार नाही." टाळ्यांचा कडकडाट. मग आमच्या मॅडम उठल्या. म्हणाल्या, "घेणारा आजारी आहे. तो स्वतःहून उपचाराला आला तर कायद्यातही त्याच्यासाठी वाट ठेवलीय, पण गावात हे किती जणांना माहीत आहे? देशाचं धोरण उपचाराची भाषा बोलतं, मग तालुक्याच्या दवाखान्यात त्यासाठी खाटा नकोत?" याला टाळ्या बेताच्याच पडल्या. मी मात्र हात दुखेपर्यंत वाजवल्या. पोलिसांच्या भीतीनं आम्ही आजारी माणूस घरात दडवून ठेवला होता, ते आठवून माझा जीव जळत होता.

आणि मग यांना स्टेजवर बोलावलं. मला काही बोलले नव्हते हो! माइक धरला आणि सुरू झाले.

"माझी पोरगी झाली त्या दिशी मी मार्केटात अडकलोय म्हणून घरी सांगितलं. अडकलो न्हवतो. गोळ्या खाऊन टेम्पोत पडलो हुतो, दवाखान्याच्या गेटाभाईर. बायको आत हुती. मला खाली उतरता येईना."

माझी नजर गेली ती चाचांकडं. ते पहिल्या रांगेत बसून हळूच मान हलवत होते, पोराला पाढे नीट आल्यावर मास्तर हलवतात तशी. म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं! माझं बाळंतपण, माझ्या कळा, आणि त्या दिवशी माझा नवरा कुठं होता ते चाचांना आधी कळलं. खोटं बोलले याचा राग नंतर आला. आधी हाच आला.

येताना टेम्पोत आम्ही दोघंच होतो. इंदापूर मागं पडल्यावर म्हटलं, "गाडी बाजूला घ्या. चाचांना जे जे सांगितलंय ते सगळं मला सांगायचं. आत्ता. हितंच."

त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं. लेकीला शाळेतून आणताना डोळा लागला होता, टेम्पो कॅनॉलच्या अगदी काठाला जाऊन थांबला, पोरगी शेजारी डबा खात बसलेली. असं एक नाही, कितीतरी. पुरे, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मागितलं मीच होतं, तेव्हा गिळलं.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"चाचा उठून गेले असते तर दुसरा कुणी भेटला असता. तू उठून गेली असतीस, मग?"

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांचे हात दिसले. स्टिअरिंग गच्च आवळून धरलं होतं. उन्हं उतरली होती तरी कपाळावरून घाम वाहत होता. म्हणाले, "स्टेजवरनं उतरल्यापास्नं गोळी पायजे असं वाटतंय. लई वाटतंय. ढाबा हितनं जवळच हाय."

वर्षानुवर्षं मी याचीच वाट बघत होते, की हा माणूस माझ्यापाशी येऊन असं काही बोलेल. आणि बोलला तेव्हा माझ्या तोंडात आलं काय, तर "लेकीची शपथ आहे तुम्हाला." तीच ती शपथ. मी तोंड मिटलं. त्यांच्या खिशातून फोन काढला आणि नंबर लावला.

"बोल रे," चाचा म्हणाले.

"मी बोलतेय चाचा. ह्यांच्याशी बोला. लगेच."

फोन यांच्या हातात कोंबला, खाली उतरले, फिरून ड्रायव्हरच्या बाजूला गेले आणि त्या दाराला पाठ लावून उभी राहिले. आतून यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. जळत होते मी, खोटं कशाला सांगू! समोरून उसाच्या गाड्या जात होत्या, ड्रायव्हर माझ्याकडं बघत होते, आणि मी मनातल्या मनात एकच घोकत होते. चाचा, ठेवू नका फोन. एवढ्यात ठेवू नका.