तपनकाकूंची अर्धी बोट

दुर्गापूजेच्या सुट्ट्या संपल्यानंतरच्या रविवारी सकाळी बाबा बोटीत बसल्या जागी गेले. बोट झिलीत, म्हणजे तळ्यात, होती. इंजिन सुरू होतं. पुढच्या फळीवर तपनकाकू गळ टाकून बसले होते. त्यांची बाबांकडे पाठ होती.

इथे भुताखेतांचे अनुभव लिहिणारे बहुतेक जण आधी सांगून टाकतात की त्यांचा अशा गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. ते वाक्य आलं की मी पुढचं वाचायचं सोडून देत असे. आज मला तेच वाक्य लिहावं लागतं आहे. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. घरात देव आहेत, पण ते आईचे होते, आणि आई जाऊनही बरीच वर्षं झाली. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन कोलकात्याला आले, मी इथेच वाढले, आणि रिटायर झाल्यावर पुण्याला परतायचं त्यांनी दरवर्षी पुढे ढकललं. त्याचं कारण ती बोट होती.

आधी तपनकाकूंबद्दल सांगते. ते बाबांचे ऑफिसातले मित्र. बंगालीत काकाला काकू म्हणतात, त्यामुळे लहानपणापासून मी त्यांना तपनकाकू म्हणते. पुण्याचे नातेवाईक यावर अजून हसतात. तपनकाकूंच्या एका आतेभावाची कोलकात्याबाहेर, बजबजच्या पुढे, वीटभट्टी होती. भट्टी बंद पडली, माती काढून झालेल्या खड्ड्यांत पाणी साठलं, आणि त्याची मोठी झील झाली. दोघांनी मिळून एक जुनी फायबरची बोट घेतली, तिला मागे लहान इंजिन लावलं. दर रविवारी सियालदहहून बजबज लोकल पकडायची आणि दुपारपर्यंत झिलीत फिरायचं, असा त्यांचा नेम होता.

बाबा पक्के शाकाहारी. ते मागे इंजिनापाशी बसून बोट चालवायचे, मध्येच इंजिन बंद करून पुस्तक वाचायचे. तपनकाकू पुढे बसून मासे पकडायचे. बाबांनी बोटीच्या मधोमध ऑइलपेंटने एक पिवळी रेघ ओढली होती. मासा रेघेच्या अलीकडे आला तर पाण्यात परत टाकणार, असा दम त्यांनी दिला होता. तपनकाकू म्हणायचे, कुलकर्णीने बोटीतसुद्धा महाराष्ट्र वेगळा काढला.

त्या रविवारी बोट झिलीच्या मध्यावर गोल गोल फिरू लागली. तपनकाकूंना वाटलं, बाबा गंमत करताहेत. त्यांनी मागे न बघताच दोनदा ओरडून सांगितलं की मासे पळतील. मग त्यांनी वळून पाहिलं. बाबा बसलेले होते आणि त्यांचा हात सुकाणूच्या दांड्यावर होता.

दहाव्याला पुण्याहून अरविंदकाका आले. ते बाबांचे धाकटे भाऊ, आणि मी एकुलती एक मुलगी म्हणून दहाव्याचे विधी त्यांनीच केले. महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीने एक मराठी गुरुजी मिळाले. गंगेच्या घाटावर पिंड ठेवले आणि आम्ही बाजूला झालो. या शहरात कावळ्यांची काय कमतरता... घाटावर लोकांच्या हातातली मुरी, म्हणजे मुरमुरे, ओढून नेतात ते. पण त्या दिवशी सगळे कठड्यावर रांगेने बसून राहिले. एकही खाली उतरला नाही.

गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. काकांनी हात जोडले. मीनूला, म्हणजे मला, अंतर देणार नाही, म्हणाले. वहिनींच्या नावाने लायब्ररीला पुस्तकं देऊ, म्हणाले. मीही बोलले, काय ते इथे लिहीत नाही. कावळे बसूनच होते. ऊन चढलं. काकांचं दुपारचं विमान होतं, ते सारखे घड्याळाकडे बघत होते. गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेणार, तेवढ्यात काका एकदम म्हणाले,

"दादा, तुझी बोट तुझीच राहील. तुझ्याशिवाय तिच्यात कोणी बसणार नाही."

एक कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही हलकं वाटलं, हे खरं आहे.

तपनकाकू वर रस्त्यावर गाडीत बसले होते. त्यांचे गुडघे दुखतात, घाटाच्या पायऱ्या त्यांना जमत नाहीत. मी गाडीत बसल्यावर त्यांना सगळं सांगितलं, काका काय बोलले तेही. ते मला लाडाने मामोनी म्हणतात. ते बंगालीत म्हणाले,

"मामोनी, अर्धी बोट माझी आहे ना? तुझ्या काकाने नेमकी कोणती अर्धी देऊन टाकली, पुढची का मागची?"

पुढे बसलेल्या अरविंदकाकांना बंगाली येत नाही. त्यांनी मला विचारलं, काय म्हणतात हे? मी सांगितलं. काका मान न वळवता म्हणाले, "अगं, तिथे असं बोलायचं असतं. कावळा शिवायला नको का? ते काय रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट आहे?" मग काका विमानतळावर उतरले. दोघांमधलं ते शेवटचं संभाषण, आणि तेही माझ्यामार्फत.

थंडी सुरू झाल्यावर तपनकाकूंचा फोन आला. घरी बसून त्यांना वेड लागायची पाळी आली होती. झिलीवर जाऊ म्हणाले, तूही चल, बाबाची जागा बघून येशील. मला जायचं नव्हतं. पण या शहरात बाबांबद्दल बोलता येईल असं माझ्याजवळ दुसरं कोणीच उरलं नव्हतं. मी गेले.

मी पुढच्या फळीवर बसले. तपनकाकू पहिल्यांदाच मागे, इंजिनापाशी बसले. दोरी ओढताच इंजिन सुरू झालं. हवा अजिबात नव्हती, पाणी काचेसारखं होतं. मध्यावर येईपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे बोट डावीकडे वळली आणि वळतच राहिली. एक फेरी, दुसरी फेरी. मला वाटलं, ते मुद्दाम करताहेत, आणि मला त्यांचा राग आला. मी वळून पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला होता आणि ते तो स्वतःकडे ओढत होते. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. दांडा जागचा हलत नव्हता. पलीकडून कोणीतरी धरून ठेवल्यासारखा तो स्थिर होता... मी वाचकांना आवडावं म्हणून हे लिहीत नाही. मला तसं दिसलं.

त्यांनी बटण दाबलं. इंजिन बंद झालं नाही. शेवटी त्यांनी पेट्रोलचा कॉक फिरवला तेव्हा ते खोकत थांबलं. आम्ही वल्ही मारत काठावर आलो. दांड्याचा स्क्रू आवळला गेला असेल, ते म्हणाले. मी हो म्हटलं. बजबजच्या मेकॅनिकने पुढच्या आठवड्यात इंजिन उघडून पाहिलं. स्क्रू सैल होता, बटणाची वायर शाबूत होती.

मी पुण्याला फोन केला. तुम्ही या, आणि जे बोललात ते परत घ्या, असं काकांना सांगितलं. ते म्हणाले, एवढी पुस्तकं वाचून हेच शिकलीस का. मग गुरुजींना विचारलं. ते चांगले गृहस्थ आहेत, त्यांनी मला हसण्यावारी नेलं नाही. पण वचन परत घेण्याचा विधी त्यांना माहीत नव्हता.

मी तपनकाकूंना बोट विकून टाकू म्हटलं. ते भडकले. मित्र मेला की त्याची वस्तू काढून टाकायची, हा तुमच्याकडचा रिवाज असेल, म्हणाले. इतकं लागेल असं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. नंतर थोडे निवळले आणि त्यांनी स्वतःच एक तोड काढली. इंजिन कुलकर्णीचं, मागची बाजू त्याची. इंजिन काढून ठेवायचं. मी माझ्या बाजूला बसेन, वल्ही मारेन, रेघ ओलांडणार नाही. "त्याने रेघ ओढली होती ना? मी चाळीस वर्षं त्याच्या रेघा पाळल्यात. आणखी एक पाळतो." हे म्हणताना ते हसले होते.

पौषातली सकाळ होती. धुकं विरलं होतं, उन्हं झिलीवर आली होती. झिलीचा राखणदार आणि मी, आम्ही दोघं घाटावर उभे होतो. इंजिन काढून घाटाच्या पायरीवर ठेवलं होतं. तपनकाकू पुढच्या अर्ध्या भागात बसले आणि वल्ही मारत निघाले. मागे इंजिन नाही, माणूस नाही. बोट अर्थातच पुढे झुकली होती. ते बऱ्याच अंतरावर गेले, वल्ही आत घेतली, गळ काढला.

तेव्हा मागची बाजू खाली गेली.

हळू गेली, पण एका दमात. जड माणूस बोटीत उतरून फळीवर बसतो तेव्हा ती जशी दबते, तशी. तपनकाकू अंगाने चांगले भरलेले आहेत, तरी त्यांचं टोक वर उचललं गेलं. त्यांनी दोन्ही कडा पकडल्या. मागे पाहिलं. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण ते मागे बघत राहिले आणि हलले नाहीत. राखणदार माझ्या शेजारी पुटपुटला, पाणी शिरलं वाटतं. पाणी अजून शिरलं नव्हतं. मागची कड पाण्याच्या वर होती, जेमतेम इंचभर.

मी बाबांशी बोलले. मोठ्याने, मराठीत. मी म्हटलं, "बाबा, काकांनी जे दिलं ते द्यायचा त्यांना हक्क नव्हता. अर्धी बोट तपनकाकूंची आहे. त्यांना परत येऊ द्या."

कड पाण्याखाली गेली.

पाणी आत आलं. ते भसकन आलं नाही. शांतपणे, रेघेपर्यंत आलं आणि रेघ ओलांडून पुढे सरकलं. मी पुन्हा तेच बोलले, आणखी मोठ्याने. आयुष्यात मी बाबांजवळ काही मागितलं आणि त्यांनी ऐकलं नाही, असं कधी झालं नव्हतं. रागावले तरी ऐकून घ्यायचे. त्या सकाळी मी बोलत होते आणि बोट दबत होती.

तपनकाकू पाण्यात पडले की त्यांनी उडी मारली, हे मला सांगता येणार नाही. त्यांना पोहता येतं, पण अंगात स्वेटर होता, पाय धड चालत नाहीत. राखणदार बांबू घेऊन काठाकाठाने धावला. ते पोहत काठाजवळ आल्यावर त्याने त्यांना बाहेर ओढलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. मी माझी शाल त्यांना गुंडाळली. ते माझ्याकडे बघत नव्हते. झिलीकडे बघत होते, म्हणून मीही पाहिलं.

बोट आमच्याकडे येत होती. अर्धी पाण्याने भरलेली, मागून दबलेली, वल्ही आत पडलेली. वारा नव्हता. होता तो थोडासा आमच्याकडून तिच्याकडे वाहत होता. ती सरळ रेषेत आली, घाटाच्या खालच्या पायरीला टेकली आणि थांबली. मागची बाजू तशीच खाली.

तपनकाकूंचे दात वाजत होते. ते बोटीकडे बघत म्हणाले, "नाही बसणार. झालं समाधान? पुन्हा नाही बसणार."

मागची बाजू वर आली. एक लाट पायऱ्यांवर आपटली, आमचे पाय भिजले. बोट सरळ झाली आणि डुलत राहिली.

राखणदाराने हे सगळं पाहिलं आहे. त्याला विचारलं तर तो एवढंच म्हणतो की आत पाणी शिरल्यावर बोट अशी करते. करत असेलही. फायबरच्या दोन थरांत पाणी भरून ते मागे वाहत जातं, असं मी नंतर वाचलं. म्हणून बोट वर काढून तळ तपासून घेतला. तडा नव्हता. थरांत पाणी नव्हतं. वाऱ्याविरुद्ध ती घाटाला कशी आली, याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही, आणि ते मला स्वतःला सापडेल असं आता वाटत नाही.

परतताना तपनकाकूंनी लोकल नको म्हटलं, म्हणून टॅक्सी केली. ते खिडकीपाशी बसले. मी माफी मागितली, कशाची ते मलाही नीट माहीत नव्हतं. ते म्हणाले, "मागे कोणी दिसलं नाही मला. तू विचारशील म्हणून सांगतो. पण तो सिगारेट सोडण्याआधी जो वास यायचा ना त्याच्या अंगाला, तो आला. माझा मित्र होता तो. मला बुडवत होता."

मी म्हटलं, ते बाबा नसतील. ते म्हणाले, "मग कोण?"

त्यानंतर त्यांना न्यूमोनिया झाला. मी भेटायला गेले तेव्हा काकिमांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दारातच सांगितलं की ते झोपले आहेत. आतून टीव्हीचा आवाज आणि त्यांचा खोकला येत होता. काकिमा म्हणाल्या, तू चांगली मुलगी आहेस, पण इथे येऊ नकोस, तू आलीस की तुझा बाप आल्यासारखं वाटतं.

बोट झिलीच्या काठावर पालथी पडलेली आहे. तिच्यात कोणी बसत नाही. तपनकाकू बरे झाले असं मला दुसऱ्यांकडून कळलं. वर्षश्राद्धाला येतो म्हणून अरविंदकाकांनी तिकीट काढलं आहे, आणि मी त्यांना नको म्हणून कळवलं आहे. मी पूर्वीसारखीच लायब्ररीत जाते. घरी आल्यावर बाबांची आठवण येते, आणि आता मला त्यांची भीती वाटते.